तुरीची टेकडी

सांडवा खोदून झाल्यावर चौथ्या दिवशी रुपाली तांड्यावर नकाशा दाखवायला गेली. खरं तर नकाशा आधी दाखवायचा असतो. पण जेसीबी मोकळा होता, मृग दहा दिवसांवर आला होता, म्हणून तिच्या संस्थेच्या साहेबांनी घाई केली. तांड्याच्या वरच्या अंगाला नवा तलाव झाला होता. तो भरला की जादा पाणी कुठून काढायचं, ते रुपालीनं डिसेंबरात केलेल्या ड्रोनच्या मोजणीवरून ठरवलं होतं.

सेवाभायाच्या मंदिराच्या ओट्यावर तिनं लॅपटॉप मांडला. पडद्यावर अख्खं शिवार उठून उभं राहिलं. बोट फिरवलं की तलाव, नाला, घरं, सगळंच गिरकी घेई. बाया हरखल्या.

"हे पाहा मावशी," ती सुखीबाईला म्हणाली, "सांडव्याचं पाणी इथून निघेल. तुमच्या घरांच्या वर ही टेकडी आहे ना, तिला अडून नाल्यात जाईल."

सुखीबाई चष्मा सावरून वाकली. "कोणती टेकडी वं? तिथं तं माहं वावर हाय."

"वावराला चढ असेल थोडा."

"चढ?" सुखीबाई मागं वळली. "अवं कौसल्ये, आपल्या वावरात टेकडी निघाली म्हन्ते! चाळीस वर्सं झाले वखर फिरून राह्यला, मले नाई दिसली."

ओटाभर हशा पिकला. रुपालीही हसली आणि मधेच थांबली. टेकडीच्या कडा सरळ होत्या. चारही. टेकडीला कोपरे नसतात.

"मावशी, डिसेंबरात वावरात काय होतं?"

"तूर. माणूस बुडन अशी."

ती दाट तूर सॉफ्टवेअरनं जमीन म्हणून धरली होती. पीक गाळून खालची जमीन काढायची पायरी रुपालीनंच चालवली होती. निकाल पडताळायला वावरात मात्र ती गेली नव्हती. तिनं तो चौकोन काढून टाकला, आजूबाजूच्या उंचीवरून तिथली जमीन बसवली आणि पडद्यावर पाणी पुन्हा सोडलं. निळी रेघ सांडव्यातून निघाली ती थेट घरांत शिरली.

ती बाजूला जाऊन साहेबांशी फोनवर बोलली.

"मशीन उमरखेडला गेलं," साहेब म्हणाले. "पावसाळ्यानंतर पाहू. आणि तिथं काही बोलू नकोस."

"काय म्हन्ते तुहा साहेब?" सुखीबाईनं विचारलं.

"गप्प राहा म्हणतात." रुपालीनं लॅपटॉप बायांकडं वळवला. "मावशी, माझी चूक झाली. सांडवा भलत्या बाजूला निघाला. पाणी तांड्यात येईल."

हसणं विरलं.

"यात माहं घर कोणतं?" सुखीबाईनं विचारलं.

रुपालीनं बोट ठेवलं. निळ्या रेघेखालीच होतं ते.

सुखीबाई पडद्यावर आणखी वाकली. "आन बबिताचं? थे बाळंतीण हाय."

बोट खाली सरकलं. मग एकेक बाई पुढं येऊन आपलं घर विचारू लागली.