समासातला लाल शब्द

नळ्या गरगर फिरवणारं यंत्र फुटलं, तेव्हा भोवरा त्याच्या झाकणावर हात ठेवून उभा होता. पोलादाचा तुकडा झाकण फाडून वर आला आणि त्याचा हात कोपरापासून घेऊन समोरच्या भिंतीत रुतला. ताईनं ॲप्रनचा पट्टा त्याच्या दंडाला करकचून आवळला. तो तिचा पाठचा भाऊ; भोवरा हे त्याचं घरचं लाडाचं नाव. प्रयोगशाळेत दोघं एकाच टेबलावर काम करत.

त्याच सकाळी तिनं नोंदवहीत लिहिलं होतं : आतल्या चकतीला तडा आहे, यंत्र चालवू नये. प्रयोगशाळेच्या साहेबांनी ते वाचून समासात लाल पेनानं एकच इंग्रजी शब्द लिहिला : ‘फॅचुअस’.

“शाबासकी दिली की काय?” भोवऱ्यानं विचारलं होतं.

“मूर्खपणा म्हणतायत. पण साधा नाही. भोळ्या चुकीला हा शब्द वापरत नाहीत. काही कळत नसताना जो स्वतःवरच खूश असतो, त्याच्यासाठी आहे.”

“मग साहेबांनी शेरा कुठे मारला? सहीच केली म्हण की!”

हसत हसतच तो साहेबांच्या हुकमाप्रमाणे यंत्र सुरू करायला गेला होता.

भोवऱ्याला दवाखान्यात नेलं; फरशी अजून रक्तानं ओली होती, तोच साहेब आले. “वही काढा. तुमच्या भावानं नळ्या कमीजास्त वजनाच्या भरल्या, असं लिहायचंय.”

“त्यानं प्रत्येक नळी तोलली होती. हात गेला त्याचा. वर दोषही त्याच्याच माथी?”

तिनं खण उघडून वहीवर हात दाबून धरला. साहेबांनी गुडघ्यानं खण धाडकन बंद केला. तिची दोन बोटं काचेच्या कांडीसारखी कडकन मोडली. ती ओरडली तसा त्यांनी गुडघा आणखी रेटला. मग वही उपसली, पान फाडलं आणि बर्नरवर धरलं.

प्रत्येक पानाखाली कार्बन असे. साहेबांचा शेरा झाला की खालची प्रत काढून कपाटातल्या फाइलला लावणं हे तिचं रोजचं काम. साहेबांनी ते कपाट कधी उघडलंच नव्हतं.

दुपारी तपास अधिकारी आले. साहेब भोवऱ्याच्या निष्काळजीपणाबद्दल बोलत असतानाच तिनं डाव्या हातानं फाइल पुढे केली. तिची नोंद फिकट उठली होती. समासातला शब्द मात्र ठसठशीत होता.

“याचा अर्थ काय?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

ताईनं सुजलेला हात टेबलावर ठेवला.

“साहेबांना विचारा. दाबून लिहिलाय त्यांनी.”