पिंजरेवाल्याची किळस

उंदराचे पिंजरे करण्यात अण्णांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सगळी करामत पिंजऱ्याच्या तोंडाशी असायची. तिथं ते जाळीचं नरसाळं बसवायचे, तारांची टोकं आत वळवलेली. आत जाताना त्या टोकांनी पाठीला गुदगुल्या व्हाव्यात आणि परत फिरताना तीच टोकं डोळ्यांत घुसावीत. त्यांच्या पिंजऱ्यात शिरलेला उंदीर बाहेर पडायची आशा सोडून संसाराला लागायचा, असं गिऱ्हाईकं सांगायची.

चाळीस वर्षं अण्णांनी जाळी कापली, मांडीवर वाकवली, कडा दुमडल्या. आणि या चाळीस वर्षांत एक गोष्ट त्यांनी बायकोलाही कळू दिली नाही. ती बिचारी न कळताच गेली. अण्णांना उंदराची भयंकर किळस यायची. जेवताना कोणी नुसतं नाव काढलं तरी घास तोंडात फिरायला लागायचा. दुकानात आलेल्या माणसाला ते खाली मान घालून, डॉक्टरनं नाजूक दुखणं विचारावं तसं विचारायचे, "मोठे आहेत की लहान?" आणि उत्तर ऐकताना मनात पाढे म्हणायचे.

सुनेची समजूत नेमकी उलटी होती. या माणसाला घाण प्रिय आहे, असं तिचं ठाम मत होतं. आणि मत व्हायला कारणही तसंच होतं. मागच्या अंगणात, बरोबर तिच्या खिडकीखाली, अण्णांनी जुन्या पिंजऱ्यांचा डोंगर रचला होता. गिऱ्हाईकांनी परत आणून दिलेले, वापरलेले, कधीही न धुतलेले पिंजरे. तारांना केस चिकटलेले, तळाला काळपट राप, एकात तर वाळलेलं शेपूट लोंबत होतं आणि वारा सुटला की ते हलायचं.

त्यामुळे खिडकी कायम बंद. बंद खोलीत सून कॉम्प्युटरवर काम करायची. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं ती काढायची, अशी हुबेहूब की बघणाऱ्यानं चप्पल बाहेर काढावी. पांढऱ्या भिंती, ज्यांना कोणी पाठ टेकवली नाही. स्वयंपाकघर, ज्यात कधी काही उतू गेलं नाही. एकेका चित्राला मशीन आठ-आठ तास चालवावं लागायचं आणि ते तिसऱ्या तासाला तापून गप्कन बंद पडायचं.

"रविवारी टेम्पो येतोय," एका सकाळी ती म्हणाली. चहाचा कप तिनं नेहमीप्रमाणे दोन बोटांनी टेबलाच्या टोकाला ठेवला आणि लांबूनच पुढं सरकवला. "आम्ही दुसरीकडे खोली बघितली आहे. इथं खिडकी उघडली तर मी गुदमरते, बंद केली तर मशीन गुदमरतं."

अण्णांनी मुलाकडे बघितलं.

"तुम्ही दोघं ठरवा," चिरंजीव म्हणाले. लग्नापासून त्यांनी घरात एवढंच एक वाक्य चालू ठेवलं होतं.

बायको गेल्यावर या घरात माणसाचा आवाज होता तो या दोघांचाच. ते गेले की उरणार अण्णा, जाळी आणि 'मोठे आहेत की लहान'. त्यांनी चष्मा पुसला आणि सुनेच्या मागोमाग तिच्या खोलीत गेले. जाताना दारातच विचारलं, "येऊ का?" तिनं नाक दाबून मान हलवली.

"यात हवा जाते कुठून?" कॉम्प्युटरच्या डब्याभोवती एक फेरी मारून अण्णांनी विचारलं.

"पुढून."

"पुढं तर काच आहे."

"ती दिसायला छान म्हणून आहे."

"आणि कडेला?"

"तीही काचच. आतले दिवे दिसतात."

"म्हणजे नवरीला नथ घातली आणि नाक शिवून टाकलं," अण्णा म्हणाले. "काढा ती काच."

काच निघाली आणि दोघंही एकदम मागे सरले. आतल्या पंख्यांवर धुळीचा असा जाड थर बसला होता की कापून अंथरला असता तर बाळंतिणीला पुरला असता. त्या धुळीत केस, बिस्किटाचा चुरा, नखाचा एक तुकडा आणि एक मेलेलं झुरळ. अण्णांनी तो सगळा गोळा चिमट्यात धरून, तोंड फिरवून, दाराबाहेर टाकला. शेजारची मांजर धावत आली, आपलंच हरवलेलं पिल्लू म्हणून ती त्याला चाटायला लागली आणि चव कळल्यावर दोन दिवस तोंड उघडं ठेवून फिरत होती.

"हे तुमच्या दुकानातून येतं सगळं," सून म्हणाली.

अण्णांनी टकलावरून हात फिरवला. "केस वीतभर लांब आहेत, सूनबाई."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला दोन दिवस द्या," अण्णा म्हणाले. "पुढं, वर आणि कडेला जाळी बसवून देतो. बंद पडलं तर टेम्पोत सामान मी चढवीन."

त्या दोन दिवसांत अण्णांनी आयुष्यातलं सर्वांत देखणं काम केलं. आधी पुठ्ठ्याचे साचे कापले. पिंजऱ्याची जाड जाळी बाजूला ठेवून बारीक भोकांची, हाताला कापडासारखी लागणारी जाळी काढली. यंत्रानं वाकवली की कोपऱ्यात चिरते, म्हणून लाकडी ठोकळ्यावर धरून अंगठ्यानं दाब देत देत वाकवली. पुढच्या जाळीला मधोमध थोडा फुगवटा दिला, पोट भरलेल्या माणसासारखा. कडा दुहेरी दुमडल्या, भोकं पाडून स्क्रू बसवले, काळा रंग दिला.

मागच्या बाजूला, खाली, तारा बाहेर काढायला मुठीएवढं भोक ठेवावं लागलं. उघडं भोक बघितलं की अण्णांना राहवत नसे. त्यांनी त्यालाही जाळीचं छोटंसं सुबक नरसाळं बसवलं आणि टोकं आत वळवली, चाळीस वर्षं वळवत आले तशी. डोकं त्या वेळी रंगाचा विचार करत होतं. हात आपलं काम करून मोकळे झाले.

मशीन सुरू केलं. तीन तास झाले, आठ झाले, वीस झाले. बंद पडायचं नाव नाही. पंखे असे शांत चालले होते की ते चालू आहेत का ते बघायला सुनेनं जाळीसमोर तळहात धरला आणि तिच्या चेहऱ्यावर गार झुळूक आल्यासारखं काहीतरी उमटलं.

"टेम्पो महिनाभर पुढं ढकलते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी चहाचा कप तिनं सरकवला नाही, हातात दिला. धरला दोनच बोटांनी, पण हातात दिला.

दहाएक दिवस बरे गेले. मग वास सुरू झाला.

आधी कुजकट, मग आंबट, मग कुबट आणि उग्र, घशाच्या मागं जाऊन बसणारा. भिंतीवरच्या घड्याळामागची पाल जागा सोडून गेली. दुधवाला उंबऱ्याबाहेरूनच पातेल्यात दूध ओतायला लागला. सून दोन वेळा जेवणावरून उठली. तिसऱ्या वेळी बसलीच नाही.

"सकाळी नऊला सुरू होतो वास आणि संध्याकाळी सहाला थांबतो," ती म्हणाली. "तुम्ही नऊला दुकान उघडता आणि सहाला बंद करता. मी आणखी काय सांगू?"

अण्णांना मुद्दा बिनतोड वाटला. तीही नऊलाच मशीन सुरू करते आणि सहाला बंद करते, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अण्णा दिवसातून तीनदा आंघोळ करायला लागले. साबणाची वडी सकाळी घेतली की संध्याकाळी तिचा पापुद्रा उरायचा. स्वतःचेच हात हुंगून हुंगून त्यांना स्वतःचीच शिसारी यायला लागली. पिंजऱ्यांचा डोंगर त्यांनी डोळे मिटून, काठीनं ढकलत ढकलत खिडकीपासून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेला. वास तसूभर हलला नाही.

अखेर टेम्पो आला. ड्रायव्हर नाकाला रुमाल बांधूनच उतरला. सामान चढायला लागलं. शेवटी कॉम्प्युटर राहिला.

"याच्या जाळ्या काढून द्या," सून म्हणाली. ती अण्णांकडे बघत नव्हती. "राग मानू नका, काम चांगलं आहे. पण तुमच्या हाताचा वास मला नव्या खोलीत नको."

अण्णांना ते वाक्य चिमट्यानं मांस ओढावं तसं लागलं. त्यांनी स्क्रू काढले, कडेची जाळी दोन्ही हातांनी उचलली.

आत चिचुंद्री होती.

उबेला आलेली झुरळं नरसाळ्यातून आत गेली होती, झुरळांमागं ही गेली होती, आणि कोणालाच बाहेर पडता येत नव्हतं. तिनं संसार मांडला होता. उबदार भागावर सुनेच्या केसांचं, कागदाच्या कपट्यांचं घरटं. भोवती झुरळांचे पंख, तंगड्या आणि ओली काळी घाण. आणि त्यात पाच करडी, ओलसर पिल्लं. पंखा सुरू झाला की या सगळ्यावरून वारा घेऊन तो थेट बाहेर सोडत होता. जाळी उघडताच आई बाहेर आली. पहिल्या पिल्लानं तिच्या शेपटीचं मूळ तोंडात धरलं, दुसऱ्यानं पहिल्याचं, अशी सहा डब्यांची ती मालगाडी लांब नाकानं वाट हुंगत टेबलावरून निघाली, कीबोर्डवरून गेली आणि अण्णांच्या मनगटावरून पलीकडे उतरली.

अण्णांच्या तोंडून मांजरासारखा आवाज आला. पोट वर आलं. त्यांनी हाताला लागेल ते भांडं पुढं धरलं. हाताला लागला तो दुकानातून येताना त्यांनीच टेबलाशी ठेवलेला नवा पिंजरा. जाळीत काय राहणार? सगळं आरपार जाऊन चिरंजीवांच्या नव्या बुटांवर पडलं.

बुटांचा मालक स्टुलावर चढला. ड्रायव्हर टेम्पोत जाऊन काचा वर करून बसला.

सून भिंतीला टेकून, तोंडावर पदर धरून बघत होती. तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला किळस येते?"

"मला नाही येणार तर कोणाला येणार?" अण्णा भिंत धरून म्हणाले. "किळस आली म्हणून तर पिंजरा केला. सात वर्षांचा होतो. बुटात पाय घातला तर आत मऊ होतं. गरम. पाय सबंध गेल्यावर कळलं. आज चाळीस वर्षं मी दाराशी पिंजरे मांडून बसलोय ते कोणी आत येऊ नये म्हणून."

"आणि तो मागचा डोंगर?"

"लोक म्हणतात दार नीट लागत नाही, आणि तिथंच हलवून दाखवायला लागतात. शेपटासकट. मी डोळे मिटून नवा देतो आणि जुना काठीनं मागं ढकलतो. हात लावायची हिंमत नाही, तर टाकून कुठं देऊ?"

"मला वाटलं, तुम्ही जपून ठेवलेत."

"जपून?" असं म्हणताना अण्णांना पुन्हा उमासा आला आणि तो पाहून सुनेलाही आला. दोघं मोरीकडे पळाली. एकाच मोरीवर, आळीपाळीनं, सासरा आणि सून. मधल्या उसंतीत ती हसायला लागली. हसता हसता पुन्हा उलटी, मग पुन्हा हसू.

परत येऊन बघतात तर मालगाडी भिंतीच्या कडेकडेनं अंगणात पोचली होती आणि जुन्या पिंजऱ्यांच्या डोंगरात शिरत होती. अण्णांच्या पिंजऱ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत काही शिरल्याची ती पहिलीच वेळ. घरटं तेवढं आत राहिलं. हात घालायची ताकद दोघांतही नव्हती. तिनं स्वयंपाकघरातून जे हाताला लागलं ते आणलं, त्यांनी खोकं धरलं, दोघांनी डोळे मिटले आणि "आणखी डावीकडे", "ते मऊ काय लागलं", "सांगू नका" असं करत करत डबा रिकामा केला. नरसाळं अण्णांनी उपटलं आणि त्या जागी साधी सपाट जाळी ठोकली.

"टेम्पो थांबलाय," चिरंजीव स्टुलावरून म्हणाले. "काय करायचं?"

सून अंगणात गेली. काचेवर टकटक करून तिनं ड्रायव्हरला सांगितलं, "खोलीचं सामान उतरवा. तो मागचा डोंगर चढवा आणि थेट भंगारात घाला."

"चालतंय ताई," ड्रायव्हर रुमालातून म्हणाला. "तिकडचं लोखंड तरी वास मारत नसेल."

त्याला कोणी काही सांगितलं नाही. त्यानंतर पंधरा दिवस त्याच्या टेम्पोला सामान मिळेना, एवढंच ऐकू आलं.

संध्याकाळी खिडकी उघडी होती. तिघं जेवायला बसली. सुनेनं अण्णांचं ताट सरकवलं नाही, शेजारी उभं राहून वाढायला लागली. रस्सा वाढायचा डाव ताटावर आला आणि अण्णांचा हात आडवा झाला.

"घरटं कशानं काढलं होतंत, सूनबाई?"

"डावानं. पण हा तो नव्हे, बाबा. असे दोन होते. एक टेम्पोत टाकला."

"नक्की तोच टाकलात?"

सुनेनं डाव दिव्याजवळ धरला. एका बाजूनं बघितला, दुसऱ्या बाजूनं बघितला, मग हळूच नाकाशी नेला. तिचा चेहरा अण्णांनी बघितला आणि अण्णांचा तिनं. दोघांनी एकदम चिरंजीवांकडे बघितलं.

"तुम्ही दोघं ठरवा," ते म्हणाले आणि दुसऱ्यांदा रस्सा घेतला.