माडीवरचा गृहमंत्री

जबलपूरच्या अधारताल भागात क्षमाच्या घराच्या माडीवर एका सरकारचा गृहमंत्री राहत होता. शेजारचे त्याला नेपाळी चौकीदार समजून गेट लावायला सांगत, आणि तो निमूट लावायचा.

थांग लियान ब्रह्मदेशातल्या एका डोंगरी प्रांताचा. तरुण कॅप्टन असताना तो जबलपूरला कोर्ससाठी आला होता. क्षमाचे यजमान, कर्नल सूर्यकांत, तेव्हा त्याला शिकवायचे. रविवारी तो यांच्याकडे जेवायला यायचा आणि पिठल्यावर आडवा हात मारायचा. परत गेला, मेजर झाला. मग तिथं लष्करानं सत्ता बळकावली आणि त्याच्याच मुलखातल्या गावांवर तोफा डागायचा हुकूम त्याच्या हाती पडला. हुकूम धाब्यावर बसवून तो आपल्या माणसांसकट डोंगरात शिरला. जंगलात लढताना डाव्या हाताची बोटं गेली. परागंदा पुढाऱ्यांनी आपलं सरकार स्थापलं, तेव्हा शिस्तीचा माणूस म्हणून गृहखातं त्याच्या गळ्यात पडलं.

"माझ्याकडे काहून नाही येत?" तो आसरा शोधतोय असं कळल्यावर सूर्यकांत फोनवर म्हणाले होते. "माडी रिकामीच पडून राहिली आहे."

मंत्रिमंडळ फोनवर भरायचं. इंग्रजी पत्रकं क्षमा टाइप करायची. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई ती, या कामात तिला पुन्हा कामाला लागल्यासारखं वाटायचं.

लियानच्या जुन्या तुकडीत मांग नावाचा जवान होता. लष्करानं त्याची बहीण उचलली. तिला सोडवायला त्यानं लष्कराला तुकडीची एक पायवाट दाखवून दिली. वाट जुनी, बंद पडलेली; कुणाचं काही बिघडलं नाही. बहीणही सुटली नाही. पण नातलगांसाठी शत्रूशी सौदा करणाऱ्याला माफी नाही, असं सरकारनं आधीच ठरवलेलं होतं. लियाननं मृत्युदंडाचा मसुदा क्षमापुढे ठेवला.

"बहिणीसाठी केलं रे त्यानं," ती म्हणाली.

"भाभी, एक को छोड़ा तो कल सब जाएँगे."

मसुद्यात 'बेशिस्त' असा शब्द होता. एवढ्यासाठी कुणाला गोळी घालत नाहीत, हे क्षमाला खटकलं. तिनं तो खोडून 'देशद्रोह' केला. लियाननं वाचलं, मान हलवली आणि सही केली. मांगला त्याच्याच सोबत्यांनी गोळी घातली.

पावसाळा सरता सरता लष्करानं लियानच्या म्हाताऱ्या वडिलांना उचललं. दुपारी व्हिडिओ कॉल आला. समोर लष्करातला लियानचा जुना बॅचमेट होता. त्याच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर अनवाणी वडील. मागणी साधी होती: आपलं परागंदा सरकार चोरांचं आहे, एवढं लियाननं कॅमेऱ्यासमोर म्हणायचं.

वडिलांनी विचारलं, हात अजून दुखतो का. लियाननं नाही म्हटलं.

"बोलून टाक ना," सूर्यकांत हलक्या आवाजात म्हणाले. "व्हिडिओच तर आहे. नंतर फिरवता येते."

लियाननं क्षमाकडे पाहिलं. हो म्हण, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मग त्या मांगचं काय? ती जमिनीकडे बघत राहिली.

लियाननं नकार दिला. बॅचमेटनं फोन बंद केला नाही. कॅमेरा खुर्चीकडे वळवून ठेवला. क्षमा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तरी ऐकू येत होतं. लियान शेवटपर्यंत पडद्यासमोर बसून होता.

परागंदा सरकारच्या पंतप्रधानांनी त्याच्या त्यागाला सलाम केला आणि पोस्टरसाठी वडिलांचा चांगलासा फोटो मागितला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पंतप्रधानांचा पुतण्या पकडला गेला. त्याच्यासाठी बोलणी झाली आणि तो सुखरूप घरी आला. बदललेल्या परिस्थितीत जुना नियम मागे घेतल्याचं जाहीर झालं.

"फिर मांग?" लियाननं बैठकीत विचारलं.

कुणी तरी म्हणालं, आवाज तुटतोय. पुढच्या बैठकीला गृहमंत्री दुसराच होता. लियानला कुणी कळवलंही नव्हतं. तो कानाला फोन लावून बसला होता.

मांगची आई मिझोरमला निर्वासितांच्या छावणीत होती. लियान तिला भेटायला निघाला. सूर्यकांत त्याला स्टेशनवर सोडून आले आणि येताच म्हणाले, "बरं झालं. पोलीस व्हेरिफिकेशनचं लचांड लागणारच होतं."

लियानचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी.

"भेटली ती?" क्षमानं विचारलं.

"मिली. सब बताया. मैंने साइन किया, वो भी."

"काय म्हणाली मग?"

म्हातारी रडली नाही की ओरडली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, देशद्रोह्याचं घर म्हणून छावणीची समिती आम्हाला तांदूळ देत नाही. धाकट्या नातीला शाळेतही बसू देत नाहीत. तो शब्द तेवढा काढून दे.

"मग काढून दे ना."

"किस हैसियत से, भाभी? मैं अब कोई नहीं हूँ."

त्यानं समितीचे पाय धरले होते. माजी मंत्र्याचं आम्ही ऐकत नाही, असं त्यांनी सांगितलं. आता तो छावणीजवळच्या खाणीत दगड फोडत होता, एका हातानं. मिळेल तो तांदूळ म्हातारीच्या दाराशी ठेवायचा. ती तो शेजारच्या डुकरांना घालायची आणि उपाशी नातीला घेऊन आत निजायची.

"रोज?" क्षमानं विचारलं.

"रोज," तो म्हणाला.