नऊ वेशींच्या शहराचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे. मित्रांनो, नकाशा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शाळेच्या भिंतीवर खिळ्याला लटकलेला माझा एखादा भाऊबंद आला असेल. त्याचा आब मोठा. त्याच्यावर छडी ठेवून गुरुजी नद्या दाखवतात, आणि त्या नद्या कुठेतरी खरोखर वाहत असतात. माझे तसे नाही. माझ्यावर काढलेले शहर जगाच्या पाठीवर शोधूनही सापडणार नाही. तरी त्या शहराला नऊ वेशी आहेत, बाजार आहे, भांडखोर शेजारी आहेत, आणि तिथल्या एखाद्या बंद दाराआड कोण राहते या विचाराने माझा जीव आजही टांगणीला लागतो.

मी कागद नाही, कापड आहे. कांजी लावून काचेसारखे घोटलेले, आरपार दिसणारे कापड. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आमची मोठी गुंडाळी होती. माझ्या आधीच्या तुकड्यांवर नळ, टाक्या आणि झडपा काढल्या गेल्या. मीही मनाची तयारी केली होती की, आपल्या नशिबी एखादी गटाराची वाट असणार. पण कचेरीत संगणक आले आणि आम्हाला कुणी विचारीनासे झाले. "टाकूनच द्यायचंय, हवं तर घेऊन जा," असे साहेब म्हणाले, आणि तिथे नकाशे काढणाऱ्या बाईंनी मला काखोटीला मारून घरी नेले. या बाईंना सगळे ताई म्हणत. मीही तेच म्हणतो.

ताईंनी मला जेवणाच्या टेबलावर पसरले, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि पेन्सिलीने एक वेस काढली. मी वाट पाहत होतो की आता नळ येईल. नळ आला नाही. वेशीत एक पहारेकरी आला, आणि तो येणाऱ्याकडून जकात म्हणून एक गोष्ट मागत होता. गोष्ट आवडली तर आत, नाही तर बाहेर. मी चक्रावलो. हे कसले शहर?

उलगडा रविवारी दुपारी झाला. ताईंचा धाकटा भाऊ आला, त्याची बायको आली आणि समोरच्या घरातले कुलूपवाले आले. भावाची बेकरी होती, त्याच्या बाह्यांना कायम पीठ लागलेले असे. भावजय कपडे शिवत असे. हे तिघे खेळायला आले होते. खेळात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे आणि ताईंनी सूत्रधार व्हायचे. भाऊ झाला भित्रा सरदार. भावजय झाली छपरांवरून पळणारी चोरटी. कुलूपवाले झाले जादूगार. आपण काय करणार ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे, मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि जमले की फसले ते फाशाने ठरवायचे. एक गंमत सांगतो. दिवसभर लोकांची कुलपे चुटकीसरशी उघडणारे हे गृहस्थ खेळात एकही दार उघडू शकत नसत. मंत्र म्हटला की फाशावर हमखास लहान आकडा पडे. "तुमची इथली कीर्ती फक्त बंद दारांनाच ठाऊक आहे," असे भावजय म्हणे, आणि ते बिचारे मान डोलावत.

ताईंचा एक नियम होता. पाऊल पडल्याशिवाय शाई नाही. मनात आलेली जागा त्या पेन्सिलीने काढीत, आणि तिघांपैकी कुणी तिथे जाऊन आले की मगच ती शाईने पक्की करीत. त्यामुळे मी एकदम नाही, हळूहळू मोठा झालो. सरदार पळून गेला तेव्हा त्याच्या पायाखाली घड्याळजींचा चौक तयार झाला. तिथे प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवते आणि प्रत्येक गल्ली आपापल्या घड्याळावर जेवते. चोरटीने उडी मारली तिथे उसन्या सावल्यांचा बाजार आला. उन्हाळ्यात ज्यांना सावली परवडत नाही ते तिथून दिवसापुरती उसनी नेतात, आणि संध्याकाळी परत करताना ती चुरगळलेली नसावी लागते. धान्याच्या कोठाराखाली एक दगडी राक्षस झोपलेला आहे. तो घोरू लागला की वरच्या आळीतली भांडी खडखडतात. तो झोपेत काय बघतो, हे अजून कुणी विचारलेले नाही. मला विचारता आले असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

एकदा भावाच्या हातून चहा सांडला. मित्रांनो, मला पाण्याची भारी भीती. ओल लागली की माझी कांजी सुटते आणि मी पांढरट होतो. सगळे हळहळले. ताईंनी मात्र डागाकडे मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाल्या, "बरं झालं. इथं धुकं उतरतं. हिला धुक्याची पेठ म्हणू." पुढे त्या पेठेत इतक्या भानगडी झाल्या की, भाऊ स्वतःला तिचा संस्थापक म्हणवून घेऊ लागला. त्या वर्षांत माझे कौतुकही खूप झाले. घरी येणारा पाहुणा माझ्यावर वाकून विचारी, "हे कुठलं शहर हो?" आणि चौघे एकमेकांकडे बघून हसत. मी सुखी होतो. थोडा फुगलोही होतो, खोटे कशाला सांगू?

मग ताई माझ्याकडे सरळ बघेनाशा झाल्या. त्यांची नजर माझ्या बाजूने, कडेकडेने जाई. मला वाटले, माझे काही चुकले असावे. नव्या जागा त्या नुसत्या बोलून दाखवीत, पण पेन्सिल उचलीत नसत. फासा पडला की दुसऱ्याला विचारीत, "किती?" आम्ही कुणीच त्यातून काही ताडले नाही. मी तर दिवसभर त्यांच्या हाताखाली असे, तरी माझ्याही लक्षात आले नाही.

एका रविवारी भावाने पावांची परात ठेवण्यासाठी मला फिरवले आणि परत ठेवताना उलटे ठेवले. ताई बोलण्यात रंगल्या होत्या. "चोर लपलाय तो इथं. घंटेच्या मनोऱ्यात," असे म्हणून त्यांनी बोट टेकवले. मनोरा दुसऱ्या टोकाला होता. बोट होते चांभारआळीतल्या विहिरीवर.  भाऊ पाव हातात धरून तसाच राहिला. मग कुलूपवाल्यांनी मला कोपऱ्याला धरले आणि हलकेच फिरवत, सरकवत मनोरा ताईंच्या बोटाखाली आणून ठेवला. मला त्या माणसाविषयी तेव्हा जे वाटले ते मला नीट सांगता येणार नाही. पण मी कापड आहे आणि कापड सरकले की आवाज होतो.

"कशाला सरकवलंत?" ताई म्हणाल्या. "कळलं ना मला."

मग सगळी हकीकत बाहेर आली. डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितले होते. डोळ्यांतला मधला भागच निकामी होत चालला होता. कडेचे दिसेल, मधले दिसणार नाही.

"म्हणजे तुझे कान दिसतील, तोंड दिसणार नाही," ताई भावाला म्हणाल्या. "तसं तोंड बघण्यासारखं कधी होतं म्हणा."

भावाला हसू आले नाही. "ताई, मग आता शहराचं काय?"

"पुढच्या रविवारी खेळात शहराच्या वरचं धरण फोडते. सगळं पाण्याखाली. शेवट चांगला दणक्यात होईल."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. शहर माझं आहे."

"तुझं? मग आम्ही काय इतकी वर्षं भाड्यानं राहत होतो?"

ताईंचा आवाज चढला. "मला आता रेघ मारता येत नाही रे. वाकड्यातिकड्या रेघांचं शहर ठेवण्यापेक्षा बुडालेलं बरं. रविवारी या, नाही तर येऊ नका."

भाऊ उठला. "नाही येणार. ऐकायला कुणी बसलंच नाही, तर तुझं धरण फुटेल कसं?"

बोलल्याप्रमाणे तो खरोखर आला नाही. भावजय आली नाही, कुलूपवालेही आले नाहीत. ताईंनी मला गुंडाळून कपाटावर, मोडक्या पंख्यामागे टाकले. शहर वाचले खरे. पाणी आले नाही. पण दुसरेही काहीच आले नाही. पहारेकऱ्याला कुणी गोष्ट सांगेना, बाजारात सावल्या पडून राहिल्या. खाली टेबलापाशी ताई एकट्या जेवत. शहर वाचवायचे म्हणून शहराकडे पाठ फिरवून बसलेली ही शहाणी माणसे पाहून मला रडावे की हसावे ते कळेना. मला राग आला होता. त्याहून जास्त भीती वाटत होती की, आता आपल्याला कुणी कधी उलगडणारच नाही.

शेवटी भावजय आली. "ताई, नकाशाच्या कडा उसवल्यात ना? द्या, शिवून आणते."

"कशाला? कोण बघणार आहे?"

"उसवलेलं मला बघवत नाही हो. माझा धंदाच आहे तो."

कडा हे नुसते निमित्त होते. आपल्या दुकानात तिने मला शिवणाच्या टेबलावर पसरले आणि माझ्या गल्ल्यांवर जाड दोरा बसवायला घेतला. रेघ डोळ्यांना दिसत नसेल तर बोटांना लागू दे, असा तिचा विचार. मित्रांनो, सुई टोचते. शिवाय ताईंची रेघ केसासारखी बारीक, आणि हा दोरा पोते शिवायच्या जातीचा. माझ्या रूपाची पार दैना झाली. चौकांना गुंड्या लागल्या. वेशींसाठी कुलूपवाल्यांनी पितळी कड्या आणल्या. धुक्याच्या पेठेवर भावजयेने कापसाचा पातळ थर टाचला.

पण खरी मजा पुढे होती. तिघांपैकी कुणालाच अख्खे शहर ठाऊक नव्हते. आपले सोंग जिथे फिरले तेवढेच ज्याला त्याला ठाऊक, आणि बारीक शाई तर जागोजागी फिकी झालेली. भाऊ म्हणे, गल्ली डावीकडे वळते. भावजय म्हणे, छपरावरून बघितलंय मी, ती उजवीकडेच वळते. कुलूपवाले म्हणत, मी त्या गल्लीत गेलो होतो, पण दार उघडलं नाही. मला सगळे ठाऊक, पण सांगणार कसे? नकाशाचा जन्म म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि मग मी फाटलो. नदीवरच्या पुलापाशी. तो पूल या लोकांनी आपल्या सोंगांच्या पराक्रमात इतक्यांदा उडवला होता, आणि ताईंनी पात्याने शाई खरवडून इतक्यांदा नवा काढला होता, की तिथे माझ्यात काही उरलेच नव्हते. सुई लागताच टर्रकन भोक पडले. भावजयेच्या डोळ्यांत पाणी आले. मग तिने चिंध्यांच्या पेटीतून मखमलीचा एक तुकडा काढला आणि तिथे ठिगळ लावले.

"पण इथं पूल होता," कुलूपवाले म्हणाले.

"आता नाही," भाऊ म्हणाला. "आता दुसरं काहीतरी आहे." काय आहे ते त्याने ठिगळाकडे बघत बराच वेळ मनाशीच जुळवले. आम्हा कुणाला सांगितले नाही.

रविवारी दुपारी तिघे माझ्यासह ताईंच्या दारात उभे राहिले. मला टेबलावर पसरल्यावर ताईंनी बोटाने एक दोरा चाचपला आणि हात मागे घेतला. "हे काय करून ठेवलंत? मी सांगितलं होतं तुम्हाला?" त्या हात मांडीवर ठेवून बसल्या.  भावाने फक्त पाव कापायला घेतले. मला वाटले, आता परत कपाट.

बऱ्याच वेळाने त्यांचा हात पुन्हा आला. एक बोट पितळी कडीतून आत शिरले आणि दोऱ्यावरून चालू लागले. "ही कोठाराची आळी. हा घड्याळजींचा चौक, चार गुंड्या, बरोबर. ही गल्ली चुकवलीत, डावीकडे वळते ती."

"बघ!" भाऊ बायकोला म्हणाला.

बोट कापसात बुडाले तेव्हा ताई पहिल्यांदा हसल्या. मग नदीकाठाने जाता जाता ते मखमलीवर चढले आणि थांबले. मागे आले, पुन्हा चढले. त्या शहराचा दगड नि दगड त्यांनी घडवला होता. त्यांना अनोळखी अशी तिथे एकही जागा नव्हती.

"हे काय आहे? इथं कोण राहतं?"

"आत जाऊन बघ," भाऊ म्हणाला.

"म्हणजे? मी सूत्रधार आहे."

"आज मी आहे. तू सोंग घे. फासा टाक, आकडा आम्ही सांगू. बोल, कोण आहेस तू?"

 ताईंचा तळहात मखमलीवर होता.

"परगावची बाई," त्या म्हणाल्या. "हे शहर मी कधी पाहिलेलं नाही."

मित्रांनो, मी आता देखणा राहिलेलो नाही. गाठी पडलेल्या, गुंड्या लटकलेल्या कापडाला कुणी भिंतीवर लावणार नाही. तरी तुमच्याकडे माझ्यासारखे काही असेल तर माझे एवढे ऐका. ते खराब होईल म्हणून कपाटावर ठेवू नका. हाताळा, डाग पडू द्या, फाटले तर ठिगळ लावा. आणि ज्याने ते तुमच्यासाठी घडवले, त्याचे हात थकले की ते त्याच्यापासून काढून घेऊ नका. त्यालाही एकदा त्यात पाहुणा म्हणून बोलवा.

आता मला गप्प बसू द्या. परगावची बाई नदीकाठी पोचली आहे, भाऊ घसा खाकरतो आहे, आणि पुढे काय आहे ते मलाही ठाऊक नाही.