उघडा निरोप

वर्गात तिला सगळे पंडितीण म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. नेटवर्क हा विषय म्हणजे तिच्या हातचा मळ. त्या सत्रात वर्गाने मिळून गप्पा मारायचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. पोरं प्रयोगशाळेत बसून दिवसभर त्यावर कुणाकुणाशी बोलत. निरोप कुलूपबंद करायचं काम मात्र राहून गेलं होतं. असा उघडा निरोप वाटेत कुणालाही वाचता येतो, हे सगळ्यांसमोर दाखवायचं काम मॅडमनी तिच्याकडे दिलं.

तिने तारेवरून जाणारं बोलणं पकडलं, भिंतीवरच्या पडद्यावर टाकलं आणि हाताला लागेल ती ओळ नाटकी आवाजात वाचली. "ताई, मला इथलं काहीच कळत नाही. सगळे हसले की मीही हसतो. आईला सांगू नकोस."

हशा पिकला. सगळ्यांच्या आधी हसली ती पंडितीणच. मग तिचं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. मितभाषी म्हणून ज्याला सगळे मुका म्हणत, तो उंच मुलगाही हसत होता. पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. निरोप त्याच्याच बाकावरच्या संगणकावरून गेला, हे सांगणारा आकडा पडद्यावर तसाच होता. एकेक मान मागे वळली. त्याने दप्तर उचललं आणि तो निघून गेला.

जिन्यात तिने त्याला गाठलं. चुकून झालं, मला माहीत नव्हतं, असं काहीबाही ती बोलली.

"पकडलंस ते चुकून," तो म्हणाला. "मोठ्याने वाचलंस, ते?"



माझे गुण कापा, असं ती मॅडमकडे जाऊन म्हणाली. मॅडमनी चष्मा पुसला. "त्याने तुला बरं वाटेल. त्याला काय मिळेल?"

मग दिवसरात्र खपून तिने निरोपांना कुलूप घातलं. पण त्या प्रोग्रॅमवर आता कुणी लिहीतच नव्हतं. तो पुन्हा वर्गात येऊ लागला, जेमतेम का होईना पण पासही झाला. तिच्याशी मात्र तो बोलला नाही. वर्गात कुणी हसलं की तो खाली बघायचा आणि तीही.