निळ्या रेघांचे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे, मित्रांनो. दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडातून सुताराने मला सवडीने बनवले. शिवणकामाच्या कारखान्यात आले तेव्हा वाटले, आता माझ्यावर माणसे बसतील. कसले काय! लोक माझ्यावर चढून दिवे बदलायचे आणि मला पायाने कटिंगच्या टेबलाखाली सरकवायचे.

त्या टेबलाशी कात्रीताई उभ्याने कापड कापायच्या. काय हात होता त्यांचा! खडूची रेघ एकदाच, कात्रीही एकदाच. पण दर महिन्याला चार-पाच दिवस त्या घामाघूम व्हायच्या आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून, पोट दाबत माझ्यावर टेकायच्या. उठताना माझ्या पायावर निळ्या पेन्सिलीने एक रेघ ओढायच्या. घरी सांगितले की सगळे म्हणायचे, "बायकांना दुखतंच." म्हणून बहुधा त्यांनी मलाच सांगायचे ठरवले असावे.

एकदा चाळीस सदऱ्यांची घाई होती. कळ अशी आली, की कापडाचे थर लावताना त्यांचे चुकले. सगळ्या बाह्या डाव्याच निघाल्या!

मालकीणबाई कडाडल्या, "लक्ष कुठंय तुमचं?"

काजे करणारे काका उठले. त्यांनी मला उचलून थेट टेबलावर ठेवले. "बाई, आधी हा पाय बघा. दोन वर्षं बघतोय मी. ही दुखण्याच्या दिवसांची मोजणी आहे."

मालकीणबाईंनी एकेक रेघ बोटाने मोजली. मग म्हणाल्या, "खड्ड्यात जाऊ देत ते सदरे. उद्या मी येते तुमच्याबरोबर दवाखान्यात." त्यांनी माझा फोटो काढला. आयुष्यातला पहिला फोटो, तोही पायाचा!

पुढचे मी टेबलाखालून ऐकले. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून खोदून खोदून विचारले, तपासण्या केल्या. आजाराचे नाव निघाले एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेरही वाढतो आणि छळतो. तो पुरता जाईलच असे नाही, पण उपचारांनी आवरता येतो. नाव कळताच कात्रीताई रडल्या म्हणे. "म्हणजे मी नाटकं करत नव्हते," एवढेच बोलल्या.

आता टेबल ठेंगणे करून घेतले आहे. कात्रीताई माझ्यावर उजळ माथ्याने बसून कापतात, त्रास झाला तर सांगून घरी जातात. गोळीची आठवण नवरा करून देतो. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

मित्रांनो, कोणी पोट धरून वाकले, तर बसायला द्या आणि विचारा. कात्रीताई हे दुखणे शाळेपासून सोसत होत्या. त्यांना पहिल्यांदा कोणी नीट विचारले, तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या.