बोटाला लागला

बाबांची वाचा गेली तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. सकाळी दाढी करताना अर्ध्यावरच थांबले आणि एका गालावर फेस तसाच ठेवून आईला काहीतरी सांगायला स्वयंपाकघरात आले. तोंडातून नुसतं "त... त... त..." निघालं. आईला वाटलं, चेष्टा चाललीय. होतेच ते चेष्टेखोर. मग हातातला वस्तरा फरशीवर पडला.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आले. उजवा हात लुळा पडलेला. आपण बोललेलं सगळं कळायचं, पण स्वतःला शब्द सापडायचा नाही. पेल्याकडे बोट दाखवून "त... त..." करायचे आणि चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचे.

आयुष्यभर त्यांनी रंगाच्या कारखान्यात छटा जुळवायचं काम केलं, पण वस्तीत त्यांना ओळखायचे ते शिट्टीमास्तर म्हणून. दर रविवारी व्हॉलीबॉलच्या सामन्यांना तेच पंच. दुसरा नाद गाण्याचा. ते आंघोळीला गेले की खालच्या मजल्यापर्यंत कळायचं. आई म्हणायची, "मला सवत एक नाही, दोन आहेत."

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. दुपारच्या सुट्टीत घरी यायचे, त्यांना भरवायचे, परत जायचे. तिसऱ्या महिन्यात एकदा त्यांची नखं कापत होते. शेजारच्या रेडिओवर एक जुनं गाणं लागलं आणि दुसरी ओळ बाबांनी म्हटली. अख्खी, शब्दांसकट, सुरात.

मी त्यांचा हात घट्ट धरला. "बाबा, परत म्हणा."

"त... त..."

मी चाल गुणगुणले. ओळ पुन्हा आली. आई पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच मटकन बसली.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "काहींचं असं होतं. बोलण्याची वाट बंद पडते, गाण्याची उघडी राहते. तिथून शिरून बघू. पण रोज करावं लागेल. मध्येच कंटाळलात तर मला दोष देऊ नका."

"नाही कंटाळणार," मी म्हटलं.

मग मी रोजची वाक्यं चालीवर बसवली. 'पाणी हवं', 'पंखा लावा', 'ही चादर टोचते'. पहिलं वाक्य यायला अकरा दिवस लागले. आईही शिकवणीत घुसली. तिला सुराचं वावडं. तिनं तोंड उघडलं की बाबा कपाळाला हात लावायचे, तो डावा. मी त्यांचा डावा हात उशीखाली दाबून ठेवला आणि आईला म्हटलं, "गा." उजवा हात आधी मांडीवरून उचलला गेला, महिन्याभरात छातीपर्यंत आला. पुढे तो कपाळाला टेकला त्या दिवशी आई रागावून म्हणाली, "झालं समाधान? आता तरी गप्प बसू का?"

दहाव्या महिन्यात दादा आला. तो दूरच्या गावी नोकरीला, बाबा दवाखान्यातून घरी आल्यावर गेला होता तो आताच येत होता. बाबांनी त्याच्याकडे गाऊनच पाणी मागितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. मला गॅलरीत नेऊन म्हणाला, "काय चालवलंयस हे? आणि येत्या रविवारी म्हणे पंच म्हणून मैदानावर नेणार आहेस? लोक हसतील त्यांना."

"हसू देत."

"तुला काय जातंय? अब्रू त्यांची जाणार."

मागून आवाज आला. बाबा भिंतीला धरून उभे होते. एकेक शब्द सुरावर ठेवत त्यांनी गायलं, "रविवारी... मी... जाणार." रविवारी त्यानंच बाबांना जिन्यावरून हाताला धरून उतरवलं.

पंचाच्या उंच खुर्चीवर बाबांना आम्ही दोघांनी चढवलं. पंचाचं काम शिट्टीनं आणि हातांच्या खुणांनी भागतं, या भरवशावर मी होते. दोन डाव नीट गेले. तिसऱ्या डावात चौदा-चौदा गुण असताना चेंडू जाळीवरून जाऊन बाहेर पडला. गुण आपलाच म्हणून लंबूच्या संघानं उड्या मारल्या. बाबांनी शिट्टी वाजवली, उजवा पंजा छातीसमोर उभा धरला आणि डावा हात त्याच्या बोटांवरून फिरवला. म्हणजे चेंडू अडवणाऱ्याच्या हाताला लागून गेला, गुण समोरच्यांना. खूण स्वच्छ होती.

लंबू त्या संघाचा कप्तान, आणि अडवायला उडी मारलेला तोच. तो खुर्चीपाशी आला. "कुणाला लागला, मास्तर? सांगा ना!"

बाबांचे ओठ हलले. "त... त..." कुणीतरी फिसकन हसलं. मी पुढे निघाले तशी दादानं माझा दंड धरला. "थांब. त्यांना करू दे."

बाबांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात गायलं, "बोटाला लागला, तुझ्या बोटाला लागला!"

आधी सगळे हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा तेच गायलं, आणखी वरच्या पट्टीत. हसू विरलं. लंबूनं आपल्या पंजाकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "लागला हो, मास्तर. करंगळीला."

त्याचा संघ दोन गुणांनी हरला.

पुढची चार वर्षं बाबांनी पंचाचं काम केलं. पन्नास-साठ शब्द साध्या बोलण्यातही परत आले, बाकीचे शेवटपर्यंत गाऊनच. गेल्या वर्षी एका दुपारी झोपेतच गेले. भेटायला आलेला एक नातेवाईक म्हणाला, "बिचारे, शेवटी मुके झाले होते." मी काही बोलायच्या आत दादानं त्याला समोर बसवलं आणि रविवारचा तो सामना पहिल्या शिट्टीपासून सांगितला.

सामने भरवणाऱ्या मंडळाला अजून चांगला पंच मिळालेला नाही. मी पंचांच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. जाळीला स्पर्श कधी चालतो आणि कधी नाही, यात गोंधळले. बेचाळिसाव्या वर्षी कशाला ही हौस, असं दुकानात विचारतात. मी पुन्हा फॉर्म भरलाय. काचा घासता घासता नियम पाठ करते, आणि नाहीच राहिले डोक्यात तर चाल लावते.